चर्चमधलं लग्न आणि दाराबाहेरची ओवी

कॅथलिक घरात लग्न ठरलं की हॉल, जेवण, कपडे, पत्रिका यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. चर्चमधली गाणी मात्र यादीत अगदी शेवटी. पंधरा दिवस उरले की कॉयरच्या प्रमुखाला फोन जातो. तो विचारतो, "नेहमीचंच ना?" इकडून उत्तर जातं, "हो, नेहमीचंच." विषय संपला.

हे 'नेहमीचं' म्हणजे नेमकं काय, ते कुठून आलं, आणि हैदराबादेतल्या मराठी कॅथलिक घरांचं त्यात काही आहे का, हे या लेखात पाहायचं आहे. म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्नाच्या मिस्सेत 'चर्चचं संगीत' म्हणून जे बिनबोभाट चालतं, त्यातलं बरंचसं मुळात नाटकगृहातलं आहे. आणि जे 'घरगुती', 'गावाकडचं' म्हणून दाराबाहेर राहतं, त्याचं चर्चशी नातं चारशे वर्षांचं आहे. निवड कुणी काहीही करावी, पण हे माहीत असून करावी.

दोन चर्चं, दोन शहरं

आपल्याकडे कॅथलिक लग्नांच्या जुन्या जागा दोन. सिकंदराबादचं सेंट मेरीज हे १८५० सालचं. ते छावणीच्या शहरात उभं राहिलं. गोऱ्या फौजेतले आयरिश शिपाई, त्यांच्याबरोबर आलेली तामिळ माणसं, पुढे अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं, अशी तिथली वस्ती. २००८ साली त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला. दुसरं गनफौंड्रीचं सेंट जोसेफ कॅथीड्रल, हे निजामाच्या शहरातलं. रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या तोफांच्या कारखान्यावरून त्या भागाला गनफौंड्री हे नाव पडलं. चर्चची पायाभरणी १८७० साली झाली आणि १८७५ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुलं झालं. तिथल्या घंटा इटलीहून आल्या. १८८६ साली हैदराबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथलं काम मिलानच्या मिशनऱ्यांकडे होतं, म्हणजे धर्मगुरू बहुतेक इटालियन.

या दोन्ही ठिकाणी मराठी कधीच मुख्य भाषा नव्हती. इंग्रजी, तेलुगू आणि तामिळ, असा क्रम. पण निजामाच्या राज्यात मराठी कॅथलिक होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वैजापूरकडच्या घोगरगावात नागपूर धर्मप्रांतातून आलेल्या फ्रेंच धर्मगुरूंनी मिशन सुरू केलं. तो भाग तेव्हा निजामाच्याच मुलखात. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचं शहर मराठीपुरतं एकटं पडलं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, लग्नाने इथे आलेली मराठी आणि कोकणी कॅथलिक घरं इंग्रजी मिस्सेला जायला लागली. गनफौंड्रीपासून विवेकवर्धिनी काही फार लांब नाही, पण विवेकवर्धिनीतलं मराठी आणि कॅथीड्रलमधलं संगीत यांची गाठ क्वचितच पडली.

'नेहमीचं' काय असतं?

नेहमीच्या यादीत साधारण हे येतं. नवरी आत येताना वॅग्नरची धून. रजिस्टरवर सह्या होताना किंवा मारियेच्या पुतळ्यापुढे फुलं ठेवताना शूबर्टचं 'आवे मारिया'. जोडपं बाहेर पडताना मेंडेल्सझोनचा मार्च. मधल्या जागा इंग्रजी भक्तिगीतांनी भरायच्या. एखादं तेलुगू गीत आजी-आजोबांसाठी. अलीकडे एखाद्या हिंदी किंवा तेलुगू सिनेमातल्या गाण्याची मागणीही होते, आणि मग फादर 'नाही' म्हणतात. सिनेमाचं गाणं लौकिक म्हणून नको, हे ठीकच. पण तोच नियम यादीतल्या पहिल्या धुनेला लावून पाहू.

ही धून वॅग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातली. पहिला प्रयोग वायमारला ऑगस्ट १८५० मध्ये झाला. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला वऱ्हाडी हे समूहगीत गातात, पण ते लग्नाला जाताना नव्हे. लग्न लागून गेलेलं असतं आणि नवरा-नवरीला शेजघरात पोचवताना हे गायलं जातं. त्याच रात्री नवरी नवऱ्याला विचारू नये तो प्रश्न विचारते, त्याचं नाव आणि कूळ विचारते, आणि लग्न तिथेच मोडतं. म्हणजे ही धून शेजघराच्या दारातली, तीही मोडलेल्या लग्नाची. ती वाजत असताना आपण मुलीला वेदीकडे नेतो.

मेंडेल्सझोनचा मार्च शेक्सपियरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकासाठी १८४२ साली लिहिलेला. तोही रंगभूमीचाच. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, २५ जानेवारी १८५८ ला तो वाजला आणि त्याची फॅशन झाली. ते लग्न अँग्लिकन पंथाचं, राजघराण्यातलं. इंग्रजांच्या छावण्या जिथे जिथे होत्या तिथे ही फॅशन पोचली, सिकंदराबादही त्यातलंच. म्हणजे आपण ज्याला कॅथलिक परंपरा समजतो तो इंग्रज दरबारचा रिवाज आहे. रोमशी त्याचा संबंध नाही.

यात आणखी एक विचित्र योग आहे. 'लोहेनग्रिन' रंगमंचावर आलं त्याच १८५० साली वॅग्नरने ज्यू संगीतकारांविरुद्ध एक कडवट लेख टोपणनावाने छापला, आणि त्यात आधीच वारलेल्या मेंडेल्सझोनवर टीका केली. आपल्या लग्नांत एकाच्या धुनेवर नवरी आत येते आणि दुसऱ्याच्या धुनेवर बाहेर पडते.

शूबर्टचं 'आवे मारिया' मात्र थोडं वेगळं. ते १८२५ चं. शब्द मूळचे वॉल्टर स्कॉटच्या काव्यातले, जर्मनमध्ये उतरवलेले. संकटात सापडलेली एक मुलगी मारियेची प्रार्थना करते. चर्चची लॅटिन प्रार्थना त्या चालीवर नंतर बसवली गेली. म्हणजे उगम उपासनेचा नसला तरी गाणं प्रार्थनेचंच आहे. मारियेपुढे फुलं ठेवताना ते वाजलं तर त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. कुठून आलं एवढ्यावरच सगळं ठरत नाही. शब्द काय आहेत आणि ते कोणत्या क्षणी गायले जातात, हेही पाहावं लागतं.

नियम काय सांगतात?

चर्चने याबाबत वेळोवेळी बरंच लिहून ठेवलंय. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात नाटकी शैलीवर कडक टीका आहे. ग्रेगोरियन गायन हा नमुना धरावा, पियानो नको, ढोल-झांजांसारखी वाद्यं नकोत, चर्चमध्ये बँड नको, कॉयरमध्ये बायका नकोत, असं त्यात सांगितलंय. हा आदेश अक्षरशः पाळला असता तर वॅग्नर आणि मेंडेल्सझोन पहिल्या दिवशीच बाहेर गेले असते. पण बंदीच्या काळातही लोकांना हवं ते वाजत राहिलं. ऑर्गनवर वाजतंय म्हणजे ते चर्चचंच, असा समज रुळला असावा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या ११९ व्या कलमात मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असं आहे. पुढच्याच कलमात ऑर्गनचा गौरव आहे, आणि उपासनेला शोभतील ती इतर वाद्यंही चालतील अशी सोय आहे. १२१ व्या कलमात गीतांच्या शब्दांविषयी सांगितलंय: ते मुख्यतः बायबल आणि उपासनाग्रंथांतून घ्यावेत.

१९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रात तर लग्नाचा वेगळा उल्लेख आहे. सोहळ्याच्या नावाखाली निव्वळ लौकिक गोष्टी उपासनेत शिरू देऊ नयेत, आणि हे विशेषतः लग्नांना लागू आहे, असं ते बजावतं. म्हणजे अडचण रोमला ठाऊक होती. नवा विवाहविधी १९६९ साली आला, त्याची सुधारलेली आवृत्ती १९९० ची. तिच्यात म्हटलंय की गाणी विवाहविधीला साजेशी असावीत, चर्चची श्रद्धा व्यक्त करणारी असावीत, आणि प्रतिसाद स्तोत्राकडे खास लक्ष द्यावं. प्रतिसाद स्तोत्र म्हणजे पहिल्या वाचनानंतरचं, एकाने ओळी गायच्या आणि सगळ्यांनी ध्रुपद उचलायचं, असं बायबलमधलं स्तोत्र.

या विधीत एक गोष्ट आहे ती फार कमी जणांना माहीत असते. धर्मगुरूने जोडप्याचं दारात स्वागत करावं आणि मग सेवक, धर्मगुरू, वर-वधू, आईवडील असे सगळे मिळून वेदीकडे जावेत, तेव्हा प्रवेशगीत व्हावं, अशी मांडणी आहे. नवऱ्याने पुढे वाट पाहत उभं राहायचं आणि नवरीने एकटीने वडिलांच्या हाताला धरून संथ चालत यायचं, सगळ्यांनी माना वळवून बघायचं, हा इंग्रजी रिवाज. तो मनाई नाही, पण विधीचा मूळ भागही नाही. वॅग्नरची गरज या रिवाजामुळे पडते. जोडपं सगळ्यांबरोबर चाललं तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं गीत आपोआप लागतं.

दुसरी बंदी

आता दाराबाहेरच्या संगीताकडे. तिथे जायचं तर गोव्याच्या इतिहासातून जावं लागतं, कारण आपल्या कोकणी-मराठी कॅथलिकांच्या लग्नगीतांवर सगळ्यांत मोठा घाव तिथे पडला.

१४ एप्रिल १७३६ ला गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या १९६१ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. धर्मांतरित कुटुंबांनी लग्नात कोणते देशी रिवाज पाळू नयेत याची ती लांबलचक यादी आहे. देशी वाद्यं नकोत, हळद लावणं नको, पान-सुपारी आणि फुलं वाटणं नको, आणि ओव्या नकोत. पोर्तुगीज मजकुरात हा शब्द 'व्होव्हियो' असा येतो. मराठी-कोकणी बायकांच्या तोंडचा शब्द थेट बंदीच्या कागदात. बंदी घालावी लागली याचा अर्थच असा की दीडदोनशे वर्षं ख्रिस्ती असलेल्या घरांतही लग्नाच्या ओव्या चालूच होत्या.

यातली खरी विसंगती अशी. याच गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, मराठीत, रोमन लिपीत. इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगायला लॅटिन छंद घेतला नाही, ओवी घेतली. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या आणि चर्चमध्ये तो लोकांपुढे वाचला-गायला जात असे. म्हणजे ओवी एका काळी चर्चच्या आत होती. एकशेवीस वर्षांनी तीच ओवी लग्नघरात गाणं गुन्हा ठरलं.

वसईची गोष्ट थोडी निराळी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज अंमल तिथून गेला. आज वसईच्या सामवेदी आणि वाडवळ कॅथलिक लग्नांत बायकांची मराठी बोलीतली गाणी आहेत. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. गोव्यात घुमट टिकलं, ते हिंदूंच्या आरतीतही वाजतं आणि कॅथलिकांच्या मांडोतही. पण हे सगळं कुठे? मांडवात, अंगणात, विहिरीवर, हॉलमध्ये. चर्चच्या दारापाशी ते थांबतं आणि आत ऑर्गन सुरू होतो.

हैदराबादेत तर ते मांडवातही उरलं नाही. इथे लग्नाच्या वरातीला मर्फा वाजतो. निजामाच्या फौजेतल्या अरब आणि हबशी लोकांनी आणलेला तो ठेका आता साऱ्या शहराचा झालाय. त्याबद्दल तक्रार नाही, शहराचा ठेका वरातीत असायलाच हवा. पण वसईहून किंवा वैजापूरकडून आलेल्या घरातली आजी तिच्या ओव्या कुठे म्हणणार?

मग निवडायचं काय?

इथे एक सावधपणा हवा. घरातली प्रत्येक ओवी मिस्सेत चालेल असं मुळीच नाही. लग्नाच्या कितीतरी ओव्या व्याह्यांची थट्टा करणाऱ्या, सासूला टोमणे मारणाऱ्या, माहेर सुटतंय म्हणून रडणाऱ्या असतात. त्यांची जागा हॉलमध्ये, आणि तिथे त्या जरूर म्हणाव्यात, डीजे अर्धा तास थांबवून. १९६७ ची अट सगळ्यांना सारखी लावायची, वॅग्नरला एक आणि आजीला दुसरी असं नाही.

पण ओवीचा घाट ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो उपासनेला उत्तम बसतो. ओवीचा आवाका लहान असतो, तिला न शिकलेला गळाही पुरतो, साथीला पेटी नसली तरी चालते. जात्यावर एक बाई ओळ उचलते आणि दुसरी ती पुढे नेते. प्रतिसाद स्तोत्राची रीत याहून फार निराळी नाही. विवाहविधीत सुचवलेल्या स्तोत्रांत १२८ वं स्तोत्र आहे: घरात द्राक्षवेलीसारखी बहरलेली पत्नी, ताटाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी मुलं. ही प्रतिमा ओवीला परकी नाहीच, वेल आणि रोप या तिच्या रोजच्या गोष्टी. हे स्तोत्र बायबलच्या मराठी भाषांतरातून घेऊन ओवीच्या चालीवर बसवायला मोठा संगीतकार लागत नाही. एक खडा आवाज आणि दोन तालमी पुरतात.

दुसरी जागा अंगठ्यांनंतरची. १९९० च्या आवृत्तीत इथे सगळ्या समुदायाने स्तुतिगीत म्हणायची मुभा आहे. एरवी इथे फोटो काढणं चालतं. या जागी मराठी गीत घ्यायला कुणाचीच हरकत नसावी. ना. वा. टिळकांची भजनं पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांना माहीत आहेत. ती प्रोटेस्टंट परंपरेतली आहेत हे खरं, पण शब्द नियमाच्या कसोटीला उतरतात का ते फादरांना दाखवून ठरवता येतं.

प्रवेशाला सगळ्यांना येणारं गीत हवं. आपल्याकडच्या लग्नात वऱ्हाडी तीन-चार भाषांचे असतात. तेव्हा ध्रुपद सोपं, भाषा यजमानांच्या चर्चची, म्हणजे तेलुगू किंवा इंग्रजी, हे व्यवहाराचं. सगळंच मराठी करायचा हट्ट धरला तर निम्मं चर्च मुकं बसेल, आणि ज्यासाठी परिषदेने देशी भाषांना दार उघडलं तोच हेतू हरवेल. एक स्तोत्र आणि एक गीत मराठीत, एवढं खूप झालं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आईकडून येतो. "माझ्या लग्नात हीच धून होती, माझ्या आईच्याही. आता तुम्ही ऑपेराची गोष्ट सांगून ती काढून घेणार?" हा आक्षेप हलका नाही. दीडशे वर्षं वाजलेली धून लोकांच्या आठवणीने खरंच लग्नाची होते, ती कुठूनही आलेली असो. पण मग हाच न्याय ओवीला का नाही? तिला तर त्याहून जुनी आठवण आहे. आईचा युक्तिवाद वॅग्नरला आत ठेवतो तर पणजीलाही आत घेतो.

दुसरा आक्षेप असा की देशीकरणाच्या नावाखाली नाटक होतं: हौशीने सतार आणायची, आरती फिरवायची, एका दिवसापुरतं भारतीय व्हायचं. हाही आक्षेप खरा आहे. भारतातल्या मिस्सेसाठी बारा देशी बदलांना रोमने २५ एप्रिल १९६९ ला संमती दिली, त्यानंतर असं पुष्कळ झालं. पण तेलुगू कॅथलिक लग्नांकडे बघा. तिथे वेदीपुढे मंगळसूत्र आशीर्वादून बांधलं जातं, आणि त्यात कुणाला देखावा वाटत नाही, कारण ते त्या घरांचंच आहे. कसोटी तीच: गोष्ट घरातली आहे का? सतार बहुतेकांच्या घरातली नसते. ओवी असते, निदान आजीपर्यंत तरी.

पुस्तिका टाकू नका

शेवटी आपल्या वाचकांसाठी एक काम. कॅथलिक लग्नात चार-आठ पानी पुस्तिका वाटतात. तिच्यात विधीचा क्रम, गाण्यांचे शब्द, वाचणाऱ्यांची नावं असतात. लग्न झालं की ती बाकावरच राहते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. खरं तर कोणत्या दशकात कोणत्या घराने कोणत्या भाषेत गायलं, लॅटिन कधी गेलं, तेलुगू कधी आलं, मराठी कुठे डोकावली आणि कुठे थांबली, हे सांगणारा याहून सरळ कागद नाही. चर्चच्या रजिस्टरात नावं आणि तारखा मिळतात, गाणी मिळत नाहीत.

तेव्हा घरात जुनी पुस्तिका असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, मागे साल आणि चर्चचं नाव लिहा. आणि आजीला लग्नाच्या ओव्या येत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, थट्टेच्यासुद्धा. कोणत्या आत चालतील आणि कोणत्या हॉलमध्ये, ते नंतर फादरांशी बसून ठरवता येईल. त्यासाठी आधी त्या हाताशी हव्यात.